रजेच्या जेवणाचे पैसे

माझ्या आतेभावाइतका सरळ माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका संताप आणणाराही नाही. या दोन गोष्टी एकाच अंगात कशा राहतात हे ज्यांना कळत नाही त्यांनी त्याच्याबरोबर एकदा पानठेल्यावर जावं. चीनच्या लढाईनंतर सैन्यात अधिकाऱ्यांची मोठी भरती निघाली, तेव्हा हा अमरावतीचं कॉलेज सोडून उत्तरेकडच्या एका सैनिकी अकादमीत दाखल झाला. तिथे शिकणाऱ्यांना थोडा पगार मिळे आणि जेवणाचा भत्ता वेगळा मिळे. हे ऐकून आमचा सारा गोतावळा थक्क झाला. शिकायचं तर पैसे आपण भरायचे, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याचे वडील, म्हणजे माझे आतोबा, आर्णीच्या बाजारात कापसाच्या गाडीवर चढून सांगायचे, "पोट्टं जेवून राह्यलं अन् सरकार त्याचे पैसे देऊन राह्यलं." ऐकणाऱ्यांनी आपापल्या पोरांकडे रागानं बघितलं असेल. मला त्या पोरांची फार दया येते.

पगाराची खरी हकीकत मात्र आतोबांनी कधी कोणाला सांगितली नाही. पगार हातात पडण्याआधीच त्यातून धोब्याचे, न्हाव्याचे, बुटांच्या पॉलिशचे आणि फुटलेल्या काचेचेही पैसे कापले जात. राहील ते दर महिन्याला मनीऑर्डरनं आर्णीकडच्या खेड्यात जाई. आतोबांची शेती चांगली होती, घरात खाण्यापिण्याला काही कमी नव्हतं. पण मुलगा साहेब होणार म्हटल्यावर बापानं साध्या बैलगाडीतून कसं हिंडायचं? त्यांनी एक दमणी करायला टाकली. दमणी म्हणजे वरून छत, आत गादी आणि बैलांच्या गळ्यात घुंगरं अशी श्रीमंतांची गाडी. ती दीड वर्ष तयार होतच होती. मुलगा तिकडे पहाटे उठून डोंगर चढत होता, आणि इकडे त्याच्या पगारातून छताला झालर लागत होती.

यामुळे असेल, पण माझ्या आतेभावाचं सगळं आयुष्य दोन खिशांत वाटलं गेलं होतं. डाव्या खिशात पगार आणि उजव्या खिशात जेवणाचा भत्ता. एका खिशातला पैसा दुसऱ्यात गेलेला कोणी कधी पाहिला नाही. पोटात जाईल ते उजव्यातून, बाकी सगळं डाव्यातून. स्वतः चहा प्यायला तर उजवा खिसा, मित्राला पाजला तर डावा, कारण तो चहा याच्या पोटात गेलेला नसे. दारव्ह्याच्या बाजारात एकदा तो पानठेल्यासमोर इतका वेळ उभा राहिला की पानवाल्यानं विचारलं, "काहून साहेब, पान लागलं, घेत काहून नाई?" हा विचार करत होता की पान हे जेवण आहे की नाही. शेवटी त्यानं असा निकाल दिला की पान अर्धं गिळतात आणि अर्धं थुंकतात, तेव्हा निम्मे पैसे उजव्या खिशातून द्यावेत आणि निम्मे डाव्या. पानवाल्यानं दोन्ही हातांनी पैसे घेतले आणि नंतर महिनाभर आमच्या गड्याला विचारलं की वकीलसाहेबांचा भाचा बरा आहे ना.

वकीलसाहेब म्हणजे माझे वडील. आमचं घर दारव्ह्याला स्टेशनपासून जवळ. मूर्तिजापूरहून येणाऱ्या छोट्या गाडीनं तो उतरे आणि रजेचे बरेचसे दिवस आमच्याकडेच काढी. खेड्यात गेलं की आतोबा त्याला गणवेश घालायला लावून घरोघर नेत, म्हणून तो तिकडे दोन दिवसांवर टिकत नसे. दुसरंही एक कारण होतं आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मी त्याच्या मामाची मुलगी. आमच्याकडे अशी दोन मुलं घरात असली की त्यांचं लग्न ठरवावं लागत नाही, ठरलेलंच असतं. मोठी झाल्यावर त्याला दादा म्हणायचं नाही, असं आईनं मला एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून मी त्याला कशानंच हाक मारली नाही. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत वसतिगृहात राहून शिकलेली. घरी मी तोंड उघडलं की आत्या, काकू सगळ्या माझ्याकडे अशा बघत जशी मी आता काही तरी म्हणून दाखवणार आहे. म्हणून मी बोलत नसे. बघत असे आणि मनातल्या मनात चिडत असे.

चिडायला त्यानं मला कधी कमी दिलं नाही. जेवायच्या वेळेला तो ठरल्या क्षणी हात धुऊन पाटावर हजर. पण वेळ टळली तर जेवत नसे. अकादमीत वेळ गेली की मेस बंद होते, म्हणून आमच्या घरीही बंद. एकदा बाजाराच्या दिवशी गुरांचा कळप आडवा आला आणि त्याला उशीर झाला. तो ओसरीवर शांत बसून म्हणाला, "मेस बंद झाली असन, मामी." आई हातात भाकरी घेऊन दारात आली आणि म्हणाली की ही मेस माझ्या हातची आहे, मी म्हणेन तेव्हा बंद होते. तो हसला, पण उठला नाही. मग आईनंही चुलीतली लाकडं मागे ओढली. पाहुणा उपाशी असताना घरच्यांनी जेवायचं नसतं, त्यामुळे त्या दुपारी आमचं अख्खं घर एका माणसाच्या शिस्तीपायी उपाशी राहिलं. एका लग्नात तर पंगतीत जिलबी आली तेव्हा यानं वाढप्याला विचारलं की ही साध्या जेवणात धरली आहे की एक्स्ट्रा. त्याच्या मेसमध्ये एक्स्ट्राचे पैसे वेगळे पडत. वाढपी मुलीकडचा होता. त्याला वाटलं, वरपक्ष आमच्या जिलबीवर टोमणा मारतो. दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली, आणि हा खाली बसून खऱ्याच उत्सुकतेनं उत्तराची वाट बघत होता.

हे सगळं मी सहन केलं. अधिकारी होण्याआधीच्या शेवटच्या रजेत मात्र त्यानं जे केलं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आणि तो राग आता त्याच्या एकट्यावर नाही, हीच तर अडचण आहे.

अकादमीची एक पद्धत होती. रजेवर गेलेला मुलगा मेसमध्ये जेवत नाही, म्हणून तेवढ्या दिवसांच्या जेवणाचे पैसे निघतानाच त्याच्या हातात रोख देत. आधीच्या रजांत त्यानं या पैशांचं काय केलं कोण जाणे. या वेळी परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्यानं वाटेतल्या खाण्यापुरते ठेवून बाकीचे सगळे ताटाखाली ठेवले आणि उठून अंगणात गेला. ताट उचलताना आईला नोटा दिसल्या. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नोटा ओट्यावर ठेवल्या आणि हळू आवाजात मला विचारलं, "आपण काय खाणावळ काढली काय वो?" आमच्याकडे मामाच्या घरी भाच्यानं जेवणाचे पैसे ठेवणं याचा अर्थ एकच होतो. तुमचं माझं नातं नाही, हिशेब मिटला. आणि ज्या घरची मुलगी करायची आहे तिथे पैसे ठेवणं म्हणजे तर त्याहून स्पष्ट. आईनं माझ्याकडे बघितलं नाही, त्यावरून ती काय समजली ते मला कळलं. मीही तेच समजले होते.

नोटा वडिलांकडे गेल्या. वडील अशिलाचं ऐकावं तसं सगळं ऐकून घेऊन म्हणाले की हे पोराचं काम नाही, बापाची शिकवण आहे, तेव्हा पैसे बापाच्याच हातात परत जातील. आतोबा त्याच दिवशी नव्या दमणीतून मुलाला निरोप द्यायला येणार होते.

मी मागच्या अंगणात गेले. तो निंबाखाली बूट चमकवत बसला होता. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य असेल. मी विचारलं, पैसे काहून ठेवले. तो म्हणाला, भत्ता जेवणाचा आहे, जिथे जेवलो तिथे द्यायचा. मी म्हटलं, नात्यात कोणी पैसे देत नाही, एवढंही तुम्हाला अकादमीत शिकवलं नाही का. माझा आवाज चढला होता. त्यानं बूट खाली ठेवला.

"पह्यल्या महिन्यात मी पगार अन् भत्ता दोन्ही घरी धाडले होते," तो म्हणाला. "मेसचं बिल थकलं. सगळ्यायच्या समोर माहं नाव वाचलं. तवापासून पगार बाबाचा. डाव्या खिशात माहं काईच नसते. हा उजवा तेवढा माहा. मामीले काई द्यावं असं लय दिवसाचं मनात होतं. दुसऱ्या खिशातून देलं असतं तं ते बाबानं देल्लं झालं असतं."

ज्याला आम्ही हिशेब मिटवणं समजलो होतो, ती त्याची पहिली स्वतःची भेट होती. आणि ती द्यायला त्याला ताटाखालच्या जागेशिवाय दुसरी जागा सुचली नव्हती. मला इतका राग आला की मी तशीच आत वळले, आईला सांगायला.

मला उशीर झाला. ओसरीवर आतोबा बशीतून चहा पीत होते आणि वडील त्यांना नोटा देत होते. मोठ्यांचा व्यवहार मोठ्यांशी, ही आमच्या घरची रीत. मुलाचा पैसा मुलाला परत करावा हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आतोबांनी अपमान वगैरे काही वाटून घेतला नाही. त्यांनी नोटा बंडीच्या खिशात कोंबल्या आणि म्हणाले, बरं झालं, दमणीच्या चाकांना नव्या लोखंडी धावा बसवायच्या राहिल्या होत्या.

"ते त्याच्या जेवणाचे आहेत," मी म्हणाले. "तुमचे नाहीत. त्याला द्या."

आतोबा आधी हसले. "वकीलसाहेब, पोरगी इंग्रजीत शिकवली अन् भांडाले मराठीत लागली." मग हसू आवरून त्यांनी बशी खाली ठेवली. "अशी सून माह्या घरात चालाची नाई बाप्पा."

वडील कोर्टात तासन् तास बोलतात. त्या दिवशी त्यांनी आतोबांची बशी पुन्हा चहानं भरली. आणि दारात माझा आतेभाऊ एक बूट हातात घेऊन उभा होता. शंभर माणसांना हुकूम द्यायला ज्याला सरकार शिकवत होतं, तो बापासमोर टाचा जुळवून सावधान उभा होता. त्या क्षणी मला कोणाचा जास्त राग आला हे मला आजही सांगता येणार नाही. पैसे आतोबांच्या खिशातच राहिले.

स्वयंपाकघरात आईनं मला विचारलं की मी असं काय म्हणून बोलले. मी तिला उजव्या खिशाचं सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले आणि परत सुरू झाले.

सकाळी सगळे स्टेशनवर गेलो. आई कधी स्टेशनवर येत नसे, पण त्या दिवशी आली. वडील आणि आतोबा थोडं अंतर ठेवून दमणीच्या बैलांबद्दल बोलत होते. गाडी आली. हा सगळ्यांच्या पाया पडून चढायला निघाला, तेव्हा आईनं सगळ्यांदेखत हात पुढे केला.

"काल सांजच्या जेवणाचे पैसे देल्ले नाईस," ती म्हणाली. "माहे मले दे."

आतोबा बोलायचे थांबले. माझ्या आतेभावानं आईकडे बघितलं, मग उजव्या खिशात हात घातला. वाटेतल्या खाण्यापुरतं जे होतं त्यातली एक रुपयाची नोट काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली. आईनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "पावलं." मग भाकरीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. तो काही तरी बोलणार होता, पण छोटी गाडी कधी नव्हे ती वेळेवर सुटली.

परत येताना आईनं त्या रुपयाची वांगी घेतली. जेवणाचा पैसा जेवणातच जायला पाहिजे म्हणाली. वडिलांनी ती भाजी दोनदा मागून घेतली आणि एकदाही मान वर केली नाही.

तो आता अधिकारी आहे. कुठल्या तरी थंड डोंगरात असतो. पगार आता त्याचा तो ठेवतो की नाही, मला माहीत नाही. आतोबांनी त्यानंतर आमच्याकडे येणं सोडलं आहे. आमचं जे ठरलेलं होतं ते मोडलं असं कोणी म्हणालेलं नाही, आणि ते आहे असंही कोणी म्हणत नाही. माझ्यासाठी दोन स्थळं बघितली, दोन्हीकडे मी नाही म्हणाले. का ते कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. येत्या हिवाळ्यात त्याला रजा मिळणार आहे म्हणतात. छोट्या गाडीनंच येईल, म्हणजे दारव्ह्याला उतरेल. पण जेवेल कुठे, ते मला माहीत नाही.