चहाबरोबरची गोळी

“रोज सुकट खातात, मग अंगावर उठणारच.”

एचआरचे पाटील सर फोनवर कुणाला तरी सांगत होते. मी सही घ्यायला त्यांच्या केबिनच्या दाराशी उभी होते. ज्या हर्षलाबद्दल ते बोलत होते, ती माझ्या मागेच बाकावर बसली होती. तिनेही ऐकलं. मानेवर लाल गांध्या उठल्या होत्या. त्यांच्यावरून तिने ओढणी ओढून घेतली.

रागाने माझे कान गरम झाले. बोलले मात्र काहीच नाही. मी इंग्लिश मीडियमची. मराठीत बोलावं की इंग्रजीत, हे ठरवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मी क्यूसीत आहे, म्हणजे माल तपासते. सुजेवरच्या गोळ्यांसाठी आमच्याकडे प्रोटीन तोडणाऱ्या एका एन्झाइमची पावडर येते. एन्झाइम म्हणजे रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रोटीन. हर्षला ती पावडर चाळून ड्रममध्ये भरायची. कॉन्ट्रॅक्टवर. धूळ ओढून घेणारं मशीन निम्मा वेळ बंद आणि तोंडाला साधा कापडी मास्क.

आधी शिंका सुरू झाल्या, मग गांध्या, मग छातीत शिट्टी वाजायला लागली. सुट्टीच्या दिवशी बरं वाटायचं. कामावर आली की पुन्हा तेच.

“मॅडम, आमी जल्मापासून मासली खातो,” ती मला म्हणाली. “दारातच सुकट वालत असते. कदी काय झाला नाय. हा इथं आल्यापासून हाय.”

पाटील सरांनी तिला पालघरच्या एका क्लिनिकमध्ये अ‍ॅलर्जी टेस्टला पाठवलं. पावडरची अ‍ॅलर्जी निघाली, तर कंपनीला तिला दुसरं काम द्यावं लागणार होतं. नाही निघाली, तर तिचा गेटपास काढून घेणार होते. बाई माणूस म्हणून सोबत मला धाडलं.

या टेस्टमध्ये हातावर थेंब ठेवून सुईने हलकं टोचतात. आमच्या पावडरचा एक थेंब होता. एक हिस्टामिनचा. हिस्टामिन म्हणजे खाज आणि गांध्या आणणारं रसायन. त्या थेंबाखालची कातडी कुणाचीही फुगायलाच हवी. ती फुगली, तरच टेस्टवर विश्वास ठेवायचा.

हर्षलाचा हात सपाट होता. पावडरच्या जागी सपाट आणि हिस्टामिनच्या जागीही सपाट. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. टेक्निशियनने एक नजर टाकली आणि निगेटिव्ह लिहिलं.

“पण तो हिस्टामिनचा...” मी पुटपुटले.

“मॅडम, बाहेर पेशंट थांबलेत.”

परतताना गाडीत, उमरोळी स्टेशन मागे पडल्यावर, मी हर्षलाला विचारलं, “तू कसली गोळी वगैरे घेतेस का?”

“ती बारीक सफेद गोली? ती तर रोज. मिश्राजी देतात ना, चायबरोबर. आमच्या लाइनीतल्या सगल्यांना.”

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या सुरुवातीला मी मुद्दाम तिथे गेले. पुढे चहाची किटली, मागे स्ट्रिप घेऊन सुपरवायझर मिश्राजी. “ले लो बेटा, दिनभर खुजली नहीं होगी।” मनाने माणूस वाईट नाही. स्ट्रिप फर्स्ट-एड बॉक्समधली होती. सेट्रिझिन, अ‍ॅलर्जीवरची गोळी.

आपल्या कातडीत, नाकात, श्वासनलिकेत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या पिशव्या भरलेल्या असतात. पावडरचा कण पेशीवरच्या अँटिबॉडींना चिकटला, की आत पेशीची स्वतःची एन्झाइम जागी होतात. त्यांना कायनेज म्हणतात. एक कायनेज पुढच्या प्रोटीनला फॉस्फेट चिकटवतं, ते त्याच्या पुढच्याला चेतवतं, आणि शेवटी पिशव्या फुटतात. उलट कामाचीही एन्झाइम आहेत. ती फॉस्फेट काढून पेशीला शांत करतात. पण रोज पावडर आत जात राहिली, तर त्यांचं किती चालणार?

सेट्रिझिन यातलं काहीच थांबवत नाही. ती फक्त बाहेर पडलेल्या हिस्टामिनची खबर अंगाला लागू देत नाही. एमआयडीसीत गॅस लीक झाल्यावर कानात बोळे घालावेत, तसं. भोंगा ऐकू येत नाही, गॅस मात्र येतच असतो. पिशव्यांतून इतरही रसायनं सुटतात आणि ती छाती आवळतात. म्हणून हर्षलाच्या गांध्या कमी दिसायच्या आणि दम वाढत होता. त्याच गोळीने टेस्टही गप्प केली होती.

म्हणजे आधी गोळी देऊन पुरावा झाकायचा, मग पुरावा नाही म्हणून बाईला काढायचं. कुणी ठरवून केलं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

मीटिंगला प्लँट हेड नाईक सर होते, शिवाय पाटील सर आणि मिश्राजी. हर्षलाला बोलावलंच नव्हतं.

“रिपोर्ट क्लिअर आहे,” पाटील सर म्हणाले. “कॉन्ट्रॅक्टर उद्या दुसरी मुलगी देतोय.”

“क्यूसीचं काही?” नाईक सरांनी मान वर न करता विचारलं. या प्रश्नाला मी एरवी ‘नो सर’ म्हणते.

मी गोळीचं सांगितलं. मिश्राजी चपापले. “मैंने तो भला सोचा था, मॅडम।”

“तुम्ही डॉक्टर आहात का?” पाटील सर म्हणाले.

“नाही. पण हिस्टामिनच्या थेंबाखालीही हात फुगला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.”

पुढे टेस्ट परत झाली. हर्षलाचा हात फुगला, आणि तिच्या लाइनीतल्या आणखी दोघींचा. ती आता कार्टन पॅकिंगला आहे. छाती अजून अधूनमधून वाजते. धुळीचं मशीन दुरुस्त झालं. जे आधी करायचं, ते आमच्याकडे शेवटी होतं.

त्या दिवशी मीटिंगमध्ये मात्र नाईक सरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “मग तुमचं म्हणणं काय?”

मी मराठीतच बोलले.

“सर, टेस्ट निगेटिव्ह नाही, टेस्ट झालेलीच नाही. सगळ्यांना पावडरपासून लांब ठेवा, गोळी बंद करा, मग सगळ्यांचे हात तपासा. आणि तोवर पावडर चाळायचीच असेल, तर पाटील सरांना चाळू दे.”