न हुंगलेला गुलाब: टूनगॅबी ते बाउरल आणि परत

रविवार, १६ नोव्हेंबर

आठ महिने इथे काहीच लिहिलं नाही, माफ करा. मागच्या लेखाखाली एका वाचकाने "पुढचं कधी?" असं विचारलं होतं आणि मी "याच आठवड्यात" असं ठोकून दिलं होतं. ते उत्तर काल पुन्हा वाचलं आणि स्वतःच्याच लॅपटॉपसमोर ओशाळलो. फिरलो नाही असं नाही. पण ऑगस्टमध्ये पुण्याहून सासूबाई सिडनीत, टूनगॅबीला आमच्याकडे आल्या, आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती ब्लॉगवर लिहिणं शक्य नव्हतं, कारण आमचा शेजारी केव्हिन हा ब्लॉग भाषांतराच्या ॲपमधून वाचतो. आता सगळं उघडकीला आलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

केव्हिन रिटायर्ड इलेक्ट्रिशियन आहे. त्याच्या पुढच्या कुंपणाला लागून गडद लाल गुलाबाचं एक झाड आहे. घटस्फोटानंतर बायको क्वीन्सलँडला गेली तेव्हा तिने सोफा नेला, कुत्रा नेला, कॉफी मशीन नेलं. गुलाब तेवढा राहिला. केव्हिन त्याला रोज "मॉर्निंग, गॉर्जस" म्हणतो. मला तो नुसता "मेट" म्हणतो.

इथला वसंत सप्टेंबरात येतो. यंदा मात्र त्या झाडावर फूल म्हणून दिसेना. आज फुगलेली कळी उद्या गायब.

"पॉसम," केव्हिन मला कुंपणावरून म्हणाला. पॉसम म्हणजे मांजराएवढा, रात्री छपरांवर धुडगूस घालणारा प्राणी. कोवळ्या कळ्या त्याला फार आवडतात. "पण हा वेगळाच आहे, मेट. देठ बघ. चावल्याची खूण नाही, नखाने खुडल्यासारखं. आणि लेटरबॉक्सवर खोबऱ्याचा चुरा सांडतो. हा पॉसम येताना डबा घेऊन येतो."

मी हसलो, घरात आलो आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. पॅन्ट्रीतल्या देव्हाऱ्यात गणपतीच्या डोक्यावर गडद लाल गुलाब होता. दवासकट.

आता माझी अडचण समजून घ्या. दुसरं कुणी असतं तर सरळ विचारलं असतं. पण जावयाने सासूला "आई, तुम्ही फुलं चोरता का?" असं कसं विचारायचं? त्या मला अहो-जाहो करतात, भाकरीवर लोण्याचा गोळा घालतात. पुण्यात त्यांच्या सोसायटीत पहाटे फिरायला जाणारी निम्मी मंडळी हातात पिशवी घेऊन निघते आणि कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंद ही देवाचीच, असं सगळे धरून चालतात. हे मला ठाऊक आहे. माझी आईही नेते. तरी मी रोज त्या गुलाबासमोर उभा राहून आरती करायचो आणि मनात हिशेब चालायचा: याचं पुण्य मला, सासूबाईंना की केव्हिनला?

मृणालला, म्हणजे बायकोला, सांगितलं.

"तू बोल तिच्याशी," ती म्हणाली.

"तुझी आई आहे."

"तुझा मित्र आहे."

इथे चर्चा संपली. दीड महिना संपलेलीच होती.

मग गेल्या मंगळवारी केव्हिनने जाहीर केलं की तो झाड उपटणार. सोमवारी खडीचा ट्रक येणार. गुलाबाच्या जागी खडी आणि त्यात पॉसम तोंड लावणार नाही असं काहीतरी. ते 'काहीतरी' शोधायला त्याला सिडनीच्या दक्षिणेच्या डोंगराळ साउदर्न हायलँड्समध्ये, बाउरलला जायचं होतं. तिथे या दिवसांत लोक आपापल्या घरच्या बागा वीकेंडला पाहुण्यांसाठी खुल्या करतात. पण त्याच्या गाडीचा क्लच गेला होता. "तुम्ही लोक येता का? मिसेस के.ना पण घेऊ. शी लव्ह्ज फ्लॉवर्स." मिसेस के. म्हणजे सासूबाई; आख्खं आडनाव त्याच्या जिभेला पेलत नाही.

शी डज, मी म्हणालो. मृणालची शनिवारी हॉस्पिटलमध्ये शिफ्ट होती. म्हणजे गाडीत मी, केव्हिन आणि पॉसम.

शनिवार, सकाळ

सातला निघालो. बाउरल गाठायला टूनगॅबीहून दीड तास पुरतो: एम-सेव्हन, मग ह्यूम मोटरवे, मिटागाँगला बाहेर पडायचं. एम-सेव्हनला टोल आहे, टॅग गाडीत असू द्या. सिडनीत उन्हाळ्याचे कपडे घालून निघालात तरी एक स्वेटर ठेवा, वर बोचरी हवा असते. ज्यांना परागकणांनी शिंका येतात त्यांनी गोळी घरूनच घेऊन निघावं. मी घेतली नाही. पुढच्या सगळ्या प्रसंगांत मी शिंकतोय असं समजून वाचा.

आमच्या भागात जॅकरँडा ऐन भरात आहे. रस्ते जांभळे, पार्क केलेल्या गाड्या जांभळ्या. सासूबाई मागच्या सीटवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "एवढा सडा पडलाय," त्या हळहळल्या, "आणि देवाला एक चालत नाही. खाली पडलेलं फूल वाहत नाहीत." पुढे केव्हिन मला लॅव्हेंडर आणि रोझमेरीचे फायदे सांगत होता. पॉसमला उग्र वास सहन होत नाही म्हणे.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"फुलांबद्दल बोलतायत."

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, हे मला एम-सेव्हनवरच टोचलं.

सर्व्हिस सेंटरला कॉफी घेतली. केव्हिनने चार पुऱ्या खाल्ल्या, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पाचवी मागितली. सासूबाई खूश. "शेजार चांगला आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. मी डब्याचं झाकण लावलं.

बाउरलची बाग

तुम्ही जाणार असाल तर दहाच्या आत पोहोचा, नंतर गाडी लावायला गल्लीभर फिरावं लागतं. प्रवेश माणशी दहा-बारा डॉलर, गेटवर एक आजोबा डबा घेऊन बसलेले असतात, त्यांना सुट्टे आवडतात. पाऊस झालेला असेल तर चांगले बूट घालू नका.

आणि बाग! मला फुलांची नावं फारशी येत नाहीत, तरी लिहितो. पिओनी: गुलाबी, बशीएवढी, पाकळ्यांचं ओझं होऊन मान टाकलेली. फॉक्सग्लोव्ह: उंच दांड्यावर ओळीने टांगलेल्या टोप्या. विषारी असतात, मुलांना लांब ठेवा. जांभळे आयरिस, कागदासारख्या पॉपी, आणि घराच्या मागच्या बाजूला, जिथे आमच्याकडे लोक वाळवण घालतील, तिथे नुसते गुलाब. पिवळे, दुधी, शेंदरी. जुन्या काळचे, वासाचे. मी प्रत्येकात नाक खुपसलं आणि प्रत्येकात शिंकलो.

मालकीणबाई हॅट घालून, हातात कात्री घेऊन फिरत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पण पाहुण्यांमागे पळत होत्या. "हा हुंगा! आता हा! यात लिंबू आहे, यात मध आहे!" सगळे आज्ञेने वाकत होते. सासूबाई सोडून. त्या प्रत्येक गुलाबासमोर थांबत, हात मागे बांधत, मान डोलावत आणि पुढे जात. मालकीणबाईंनी एक शेंदरी गुलाब वाकवून त्यांच्या नाकाशी आणला. सासूबाई झटकन दोन पावलं मागे सरकल्या आणि पदर नाकाला लावला.

मालकीणबाईंचा चेहरा पडला. "माझ्या गुलाबांना काही झालंय का?"

"आई, एकदा घ्या ना वास, बाई दुखावल्यात," मी म्हणालो.

"हुंगलेलं फूल देवाला कसं चालेल?" सासूबाई कुजबुजल्या.

"पण हे आपण नेणार नाही आहोत!"

"ते कुठे माहितीये अजून?"

मी मालकीणबाईंकडे वळलो. वाक्य जुळवतच होतो, तेवढ्यात त्यांनीच माझ्या दंडावर हात ठेवला. "अरेरे. वास येत नाही का त्यांना? माझ्या बहिणीचंही आजारपणानंतर तसंच झालं." आणि मी, जो हिशेबात पाच सेंट चुकले तर परत दुकानात जातो, तो मी, शिंकलो. त्या शिंकेचा त्यांनी होकार धरला आणि मी तो दुरुस्त केला नाही.

"मग एक घरी घेऊन जायलाच हवा," त्या गहिवरून म्हणाल्या. "त्यांना हवा तो. स्वतः निवडू दे." आणि कात्री पुढे केली.

सासूबाईंनी कात्री घेतली नाही. त्यांनी सगळ्या ताटव्यावर नजर फिरवली, एक गडद लाल, अर्धवट उमललेला गुलाब हेरला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि अंगठ्याच्या नखाने फुलाच्या अगदी खाली टचकन खुडला. देठ जागेवर राहिला. नखाने खुडलेला. चावल्याची खूण नाही.

मी केव्हिनकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. माझ्या उजव्या कानाशी एका माणसाचा श्वास थांबलेला होता.

त्याने त्या देठाचा फोटो काढला.

रॉबर्टसन

केव्हिन गाडीत तो फोटो मोठा करून बघत होता. सासूबाई फूल ओल्या रुमालात गुंडाळून बसल्या होत्या. मी गोंधळून नको त्या वळणाला वळलो आणि आम्ही रॉबर्टसनला निघालो, लाल मातीच्या, बटाट्याच्या शेतांमधून. रस्ता सुंदर आहे. मुद्दाम जा.

रॉबर्टसनला रस्त्याच्या कडेला एक अवाढव्य तपकिरी बटाटा आहे. सिमेंटचा, बसएवढा. तिथे गाडी थांबवली. सासूबाईंनी चपला काढल्या.

"कुठला देव?"

"बटाटा आहे, आई."

"बटाटा?"

"हो."

"का?"

मी केव्हिनकडे बघितलं. तो बटाट्यासमोर खिशात हात घालून उभा होता. बटाट्याकडेच बघत तो म्हणाला, "मेट. तुझा पॉसम सकाळी किती वाजता उठतो?"

मी सगळं सांगितलं. भरभर, एका दमात, इंग्रजीत, मग सासूबाईंनी "काय झालं?" विचारलं म्हणून पुन्हा सगळं मराठीत. चोरी हा शब्द टाळला होता, पण त्यांनी तो स्वतःच काढला.

"चोरी? मी झाडाला रोज विचारून घेते!"

मी भाषांतर केलं.

"आणि झाड काय म्हणतं?" केव्हिनने गंभीरपणे विचारलं.

"झाड नाही कशाला म्हणेल? रोज एकच तर घेते. आणि फुकट घेत नाही. संध्याकाळी दिवा लावला की त्यांच्या पत्रांच्या पेटीवर प्रसाद ठेवते, खोबरं आणि साखर. दुसऱ्या दिवशी संपलेला असतो. म्हणजे आवडतो ना त्यांना?"

हे सांगितल्यावर केव्हिन हळूच माझ्याकडे वळला. "मी ते कधीच खाल्लेलं नाही."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.

"एकच?" तो म्हणाला. "त्या रोज एकच घेतात? माझ्या तर रोज पाच-सहा कळ्या जातात." मग त्याचा चेहरा उजळला. या वर्षात तो इतका आनंदी मी पाहिला नव्हता. "म्हणजे पॉसम आहे! मेट, खरंच पॉसम आहे! मी म्हटलं नव्हतं? तो खोबऱ्यासाठी येतो आणि माझे गुलाब चटणीसारखे तोंडी लावतो! आय ब्लडी न्यू इट!"

आपण बरोबर होतो या आनंदात त्याने उरलेलं सगळं माफ केलं. तिथल्या तिथे फोन काढून खडी रद्द केली. मग अटी सांगितल्या: फूल रोज एक, खुशाल. लेटरबॉक्सवर काही ठेवायचं नाही. खोबरं-साखर त्याच्या हातात द्यायची, इतके दिवस पॉसमने खाल्ली, आता त्याची पाळी.

सासूबाईंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या.

"समीरराव, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो, आई."

"आणि तुम्ही गप्प? हे बिचारे झाड उपटायला निघाले तरी गप्प? वर आरतीही करत होतात!"

"काय म्हणाल्या?" केव्हिनने विचारलं. मी सांगितलं. "शी हॅज अ पॉइंट, मेट," तो म्हणाला. ते दोघं गाडीत बसून उरलेल्या पुऱ्या खाऊ लागले. मला एक ठेवली. गार होती.

घरी

परतीच्या वाटेवर ट्रॅफिक होता, शनिवारी संध्याकाळी असतोच. बाउरलचा गुलाब रात्री गणपतीच्या डोक्यावर चढला. माझ्या मनाला पहिल्यांदाच शांतता होती, फक्त मालकीणबाईंसमोरची माझी ती शिंक सोडून. सहलीतून काय उरलं म्हणाल तर पिओनी, लाल माती, आणि हे की दीड महिना मी ज्याला भिडस्तपणा समजत होतो त्याची किंमत एका झाडाने चुकवायची वेळ आली होती. सासूबाई तरी झाडाशी बोलत होत्या. मी कुणाशीच बोललो नाही.

आज सकाळी बेल वाजली. केव्हिन दारात, शर्ट इस्त्रीचा, हातात त्याच्या झाडाचा गुलाब. देठ कात्रीने तिरका कापलेला. "फॉर युअर गॉड, मिसेस के.," तो म्हणाला, आणि द्यायच्या आधी फूल नाकाशी नेऊन, डोळे मिटून, छाती भरेपर्यंत हुंगलं. "ब्यूटिफुल."

मी आणि मृणाल दोघंही पुतळ्यासारखे उभे. सासूबाईंनी फूल दोन्ही हातांनी घेतलं, हसल्या, त्याच्या तळहातावर खोबरं-साखर ठेवली. तो खूश होऊन गेला. दार लागल्यावर त्या देव्हाऱ्यापर्यंत गेल्या, थांबल्या, गणपतीला दूर्वा नाहीत म्हणून कुंडीतली चार गवताची पाती वाहिली आणि गुलाब स्वतःच्या अंबाड्यात खोचला.

"देवाला नाही चालणार," त्या म्हणाल्या. "मला चालतो."

दिवसभर तो तिथेच होता. केव्हिनने कुंपणावरून पाहिला आणि त्याला वाटलं, हीच पद्धत असणार. म्हणाला, उद्या आणखी मोठा आणतो, त्याला वास जास्त आहे.

"तू सांग त्याला," मृणाल म्हणाली.

उद्या: सहाच्या आत उठून केव्हिनला सांगायचं, फूल हुंगू नकोस.