पेला, नाइटी आणि माझा घाबरलेला फोटो

शाळेतून घरी आले की मी आधी पर्स झटकते. वेल्क्रोचे तुकडे, लॅमिनेशनच्या कातरलेल्या कडा, कधी अर्धं केळंसुद्धा निघतं, आणि प्रत्येकाबरोबर एक किस्सा! शाळेत सगळं तमिळमध्ये घडतं, घरी मी ते मराठीत सांगते. आई म्हणते, "लिहून ठेव गं, उद्या पुन्हा नवे आणशील."

तंजावूरची आमची शाळा लहानशी. विशेष गरजा असलेली छोटी मुलं येतात. शब्द ज्यांना पटकन धरता येत नाहीत, त्यांना आम्ही चित्रांतून शिकवतो. भिंतीवर प्रत्येकाची एक पट्टी: बस, वर्ग, खेळ, जेवण, बस, घर. एक काम झालं की ते कार्ड काढून डब्यात टाकायचं. वर्ग भुवना अक्कांचा, हाताखाली मी.

बहुतेक किस्से यामिनीचे. वय सहा, बोलत नाही. तिची अम्मा तिला पापनाशम गावाहून बसने आणते. तिच्या अप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हिने मला आजवर काही म्हणजे काही सांगितलेलं नाही, मिस. मेच्या सुट्टीपर्यंत बघतो. नाहीतर ही धावपळ कशाला? घरीच ठेवू." तेव्हापासून मी कॅलेंडरवर मेपर्यंतचे दिवस मोजायला लागले.

* * *

'पाणी'चं कार्ड मी इंटरनेटवरून काढलं. काचेचा ग्लास, बर्फ, वर लिंबाची चकती! यामिनी तहानेने रडायची आणि कार्ड ढकलून द्यायची. अक्कांनी ते पाहिलं.

"हिच्या घरी असं पाणी कोण देतं गं? स्टार हॉटेल आहे का?"

मग मी शाळेतल्या स्टीलच्या पेल्याचा फोटो लावला. दुसऱ्याच दिवशी यामिनीने कार्ड माझ्या हातात ठेवलं! मी धावत पाणी आणलं. तिने पेला परत केला. फोटोतल्या पेल्याच्या काठाला पोचा होता, याला नव्हता.

तो पोचा पडलेला पेला खरं तर भंगारात जायचा होता. आता कपाटात कुलूपबंद असतो.

* * *

'अम्मा'च्या कार्डासाठी अम्माने लग्नातला फोटो दिला. रेशमी पट्टुसाडी, कमरपट्टा, डोक्यावर किलोभर मोगरा! यामिनीने तो निरखून पाहिला, प्रार्थनेच्या कोपऱ्यात नेऊन लक्ष्मीच्या तसबिरीला टेकवला आणि हात जोडले.

अक्कांनी दुसरा फोटो मागवला, अगदी रोजचा. नाइटी, खांद्यावर टॉवेल, हातात डोशाचं उलथणं. यामिनीने तो गालाला लावला, सोडेचना.

अम्मा मात्र दारातच थबकली. "अय्यो मिस, सगळ्या शाळेसमोर नाइटीत! आधी सांगायचं, केस तरी विंचरले असते!"

* * *

बसचं कार्डही असंच. फोटोतली बस हिरवी. एकदा स्टँडवर निळी लागली. यामिनी चढेना. अम्माने कंडक्टरला कार्ड दाखवून कारण सांगितलं. मागे माणसं ओरडायला लागली. कंडक्टर खाली उतरला, यामिनीसमोर वाकला आणि गंभीरपणे म्हणाला, "पाप्पा, बाळा, हीपण सरकारचीच आहे, शप्पथ!"

* * *

मग भावनांची कार्डं आली. आनंद, दुःख, राग झाले. 'भीती'साठी चेहरा हवा होता. अक्का म्हणाल्या, "तू फक्त खिडकीजवळ उभी राहा. पोझ द्यायला नको."

मी उभी राहिले. मागे त्यांनी ताटांचा ढीग जमिनीवर सोडला!

फोटो इतका छान आला की दुसरा काढावाच लागला नाही. आता ढग गडगडले की मुलं भिंतीवरून मला काढून आणतात. परवा मुख्याध्यापिका न सांगता वर्गात आल्या. एका मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि माझाच फोटो आणून माझ्या हातात दिला.

* * *

सुट्टीच्या आधीचा शनिवार. अक्का हत्तीची गोष्ट सांगत होत्या, एकेक चित्र उलटत. मुलं गोल बसली होती. तेवढ्यात यामिनीचे अप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात चप्पल. मला कळलं.

दारातूनच ते म्हणाले, "तुम्ही कष्ट घेतलेत, नाही म्हणत नाही. पण जूनपासून नाही आणणार."

"सार, थोडं थांबून पाहा..." मी म्हणाले.

"किती थांबू? पाणी मागते, खायला मागते, कबूल. पण सांगत काही नाही! चित्रं दाखवून काय होणार, तुम्हीच सांगा!" त्यांचा आवाज चढत गेला. हत्ती अक्कांच्या हातात तसाच राहिला.

यामिनी उठली. कार्डांच्या फळ्यापाशी गेली, कार्डं चाचपत राहिली. मग तिची पट्टी घेऊन अप्पांसमोर आली. बस, घर सगळं तिने काढून टाकलं होतं. पट्टीवर तीनच कार्डं. अप्पांचा फोटो. त्याच्या शेजारी खुर्चीवर बसलेला मुलगा. त्याच्या शेजारी ओठांवर बोट.

अप्पांनी पट्टी उलटसुलट पाहिली. "हे काय, मिस?"

मी तोंड उघडलं. अक्कांनी माझा दंड धरला.

यामिनीने लाल प्लॅस्टिकची छोटी खुर्ची ओढत आणली आणि अप्पांच्या पोटऱ्यांना टेकवली.

अप्पा बसले. गुडघे पार छातीला लागले. अक्कांनी पुढचं चित्र उलटलं. जरा वेळाने अप्पांनी पट्टीकडे पुन्हा पाहिलं आणि हळूच स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.