बाबांच्या खोलीतला स्पीकर

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बाबा तालुक्याच्या ऑफिसात शिपाई होते. साहेबांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर त्यांची सगळी नोकरी गेली आणि त्याच पगारावर मी शिकलो. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बरीच वर्षं काढल्यावर गाझियाबादला सातव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला, तेव्हा त्यातली एक खोली बाबांची हे न बोलताच ठरलेलं होतं. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले.

त्याच हिवाळ्यात मी घरभर स्पीकर बसवले. लहानपणी बहुतेक सिनेमे मी तंबूच्या बाहेर उभा राहून ऐकलेले, त्यामुळे ही हौस मनात फार दिवसांची होती. हॉलमध्ये पडदा, भोवती पाच स्पीकर आणि कोपऱ्यात एक मोठा सबवूफर. शिवाय स्वयंपाकघर, आमची खोली आणि बाबांची खोली इथे एकेक. सगळं मोबाइलवरून चालणारं. कुठल्या खोलीत काय वाजतंय आणि किती मोठ्याने, ते हातातच दिसायचं.

करोल बागेतल्या दुकानाने पाठवलेला कारागीर खोकी उघडत होता. बाबा मोजत उभे होते.

"एवढ्या पेट्या? तुझ्या लग्नात दोनच भोंगे होते, तरी सगळ्या गावाला ऐकू गेलं."

"बाबा, एक तुमच्या खोलीत. भजनं ऐका दिवसभर."

"ऐकतो की. साहेबाचा हुकूम."

मला ते साहेब म्हणत, ते थट्टेने. निदान मी ते थट्टेवारीच नेत होतो.

बाबांच्या खोलीत पलंगाजवळ एकच सॉकेट होतं. त्यात त्यांचा हीटर लावलेला असे. कारागिराने हीटरची पिन काढली आणि स्पीकरची घातली. "सर जी, एक्स्टेंशन बोर्ड बाद में लगवा लेना," तो म्हणाला. मी हो म्हटलं आणि हॉलमधल्या आवाजाची पातळी जुळवायला निघून गेलो.

डिसेंबर सुरू झाला होता. बाहेरची हवा इतकी खराब होती की खिडक्यांच्या फटींना आम्ही दिवाळीनंतरच टेप लावली होती. बाबांना थंडी सोसत नसे, पण ते काही बोलले नाहीत. खाली जिन्याजवळ इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री फिरवत असे. त्याच्याशी मोडक्या हिंदीत गप्पा मारत बाबा रोज दुपारी तासभर बसत. आम्हाला वाटायचं, चला, त्यांना इथे एक माणूस तरी मिळाला.

आठवड्याभराने घरात जळल्यासारखा वास येऊ लागला. अगदी पुसट, तोही दुपारनंतर. मी अ‍ॅम्प्लिफायर हुंगला, वायरी हुंगल्या. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या त्या मशीनमध्येच काहीतरी जळतंय." कारागिराला परत बोलावलं. शनिवारी येऊन त्याने एकेक जोड तपासला. कुठेच काही निघालं नाही.

जाता जाता मी त्याला दुसरी अडचण सांगितली. हॉलमधला घुमणारा आवाज बाबांच्या खोलीत शिरतो, त्यांची दुपारची झोप मोडते. "आसान है," म्हणत त्याने दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी रबरी पट्टी मारली आणि खालची फटही बंद केली. दार लावून पाहिलं, तर आत काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. आणि त्या दिवशी वासही आला नाही. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी ऑफिसातल्या साहेबांना आणि दोन सहकाऱ्यांना मॅच बघायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "मी आत पडतो. तुमचं चालू द्या."

"बसा ना आमच्यात, बाबा."

"मोठी माणसं येणार. मी काय करू तिथे?"

मी फार आग्रह केला नाही. हे मला इथे लिहिलंच पाहिजे.

साहेब खूश झाले. चेंडू बॅटवर बसला की प्रेक्षकांचा आरडाओरडा पाठीमागून अंगावर येई. मध्यंतरात त्यांनी विचारलं, "यार, हर कमरे में अलग बजता है क्या?"

मी मोबाइल पुढे केला. स्वयंपाकघर बंद, आमची खोली बंद. बाबांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, भजन चालू होतं.

"बाबूजी मजे में हैं," साहेब म्हणाले. "जरा बढ़ाके दिखाओ."

मी बोटाने आवाज वाढवला. निम्म्यावर नेला, मग पूर्ण. बंद दाराआडून झांजा नुसत्या थरथरल्यासारख्या आल्या. बाबा चिडून बाहेर येतील, चार शब्द सुनावतील आणि सगळे हसतील, असं मला वाटत होतं. आम्ही दाराकडे बघत राहिलो. कोणी आलं नाही.

"बाबूजी तो पक्के भक्त निकले," एक सहकारी म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो.

चहाचा ट्रे घेऊन आलेली बायको हसली नाही. "अहो, एवढ्या आवाजात झोपलेत ते?"

पट्टीमुळे दार घट्ट बसलं होतं. खांद्याने ढकललं तेव्हा उघडलं. आत छान ऊब होती. पहिली जाणीव तीच झाली, याची मला अजून लाज वाटते. पलंगाशेजारी फरशीवर विटांवर घमेलं होतं आणि त्यात राखेखाली लाल निखारे. बाबा दारापासून दोन पावलांवर आडवे पडले होते. भजन कानठळ्या बसवत होतं.

साहेबांनी पाय धरले, मी डोकं. त्यांच्याच गाडीतून आम्ही हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा गॅस साठतो, त्या गॅसला स्वतःचा वास नसतो, माणसाला आधी डोकेदुखी होते आणि मग उठायचं त्राण राहत नाही, असं त्यांनी समजावलं. "थोड़ी और देर करते तो..." म्हणत ते पुढच्या पेशंटकडे वळले.

दुसऱ्या दिवशी बाबा बोलले. इस्त्रीवाल्याकडून निखारे आणायला लागून त्यांना आठवडा झाला होता. "हीटर का नाही लावला?" मी विचारलं.

"तुझ्या पेटीची वायर काढायची होय? बिघडली असती म्हणजे?"

"आणि डोकं दुखायला लागलं तेव्हा हाक तरी मारायची."

"उठलो होतो मी. दारापर्यंत आलो. बाहेर तुझे साहेब बसलेले. त्यांनी बोलावल्याशिवाय मध्येच कसं दार उघडायचं?"



घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की आता बरे दिसले तरी महिनाभर लक्ष ठेवा, मेंदूवरचा परिणाम कधी कधी मागाहून दिसतो. मी रजा टाकली. रोज सकाळी त्यांना वार विचारायचो, आमच्या गावच्या बाजाराचा दिवस विचारायचो. ते बरोबर सांगत. "परीक्षा घेतोस होय रे माझी?" म्हणून हसत.

तिसऱ्या आठवड्यात ते खाली गेले आणि वर आले नाहीत. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी फोन केला. बाबा त्यांच्या दारापुढे उभे होते. बेल वाजवली नव्हती. कोणीतरी दार उघडेल म्हणून नुसते उभे होते. किती वेळ, ते कोणालाच माहीत नाही. मी गेलो तर माझ्याकडे बघून त्यांनी आदराने मान लववली आणि बाजूला सरून मला वाट करून दिली.

घरी आल्यावर त्यांनी मला ओळखलं. डॉक्टर म्हणाले, सुधारतील, काही वेळा पुष्कळ सुधारतात, वाट बघू. ती वाट आम्ही अजून बघतो आहोत. सकाळी बाबा बाल्कनीच्या उन्हात हिंदी पेपर घेऊन बसतात. चष्मा लावतात, घडी उलगडतात. मी ऑफिसला निघेपर्यंत पहिलंच पान समोर असतं. संध्याकाळी परत येतो तेव्हाही तेच असतं. ते वाचतात की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.