मुकादमिणीनं निवडलेली माणसं

मुकादमीण कोणालाही पहिल्या भेटीत हो म्हणायची नाही. मासेवालीला नाही, डॉक्टरला नाही, मलाही नाही. मी तिला बघायला गेलो तेव्हा सासरे लगेच पसंती देऊन मोकळे झाले. हिनं मात्र मावसभावाला आमच्या कारखान्याच्या गेटवर उभं केलं. पगाराच्या दिवशी मी घरी जातो की गुत्त्यावर, ते बघायला. मी घरी गेलो म्हणून संसार झाला. चार बाया जमल्या की कोणी काय करायचं ते हीच वाटून द्यायची, म्हणून मी बायकोला मुकादमीण म्हणायचो. आता हाक मारायला ती नाही.

पोरीच्या लग्नात आपण चुकलो, असं तीच म्हणायची. घोडबंदर रोडला टॉवरमध्ये फ्लॅट, जावई कंप्युटरवाला. सगळे घाई करत होते. "त्यांच्या लिफ्टलाच भुललो हो आपण. वॉचमनला विचारायचं राहिलं." तो हात उगारायचा. एका दुपारी स्वाती लेकीला, चिनूला, कडेवर घेऊन कोपरीला आमच्याकडे आली, ती परत गेली नाही. संध्याकाळी तिच्या सासूचा फोन. "पोरगी तुमची, ठेवा तुम्हाला. नात आमची आहे. येऊन घेऊन जाऊ." त्या दिवसापासून दाराची बेल वाजली की मी कडी लागलीय का बघायचो. दूधवाला असला तरी मी आधी चिनूला आतल्या खोलीत पाठवायचो.

मी म्हटलं, लग्न जमवलेल्या नानांना बोलावू, बैठक घेऊ. मुकादमीण म्हणाली, "नाना जेवतील, 'जुळवून घे पोरी' म्हणतील आणि ढेकर देऊन जातील. अहो, लग्नाला आचारी ठरवताना आपण दुसऱ्यांच्या पंगतीत जेवून बघितलं होतं. मग मोडताना माणसं बघून घ्यायला नकोत?"

आणि ती स्थळाची चौकशी करावी तशी वकिलाची चौकशी करत सुटली. ठाण्यात एक मोठे वकील होते. टेबलावर हात आपटून म्हणाले, "सगळ्यांना आत टाकू! सासूलासुद्धा!" मला माणूस फार आवडला. मुकादमीण उठली. जिन्यात म्हणाली, "यानं नातीचं वयसुद्धा विचारलं नाही. याला भांडण हवंय. आपल्याला चिनू हवीय."

मग डोंबिवलीच्या एक वकीलबाई कळल्या. पहिल्या दिवशी ही त्यांना भेटलीच नाही. बाहेरच्या बाकावर बसून आलेल्या बायांना विचारत राहिली. "फोन उचलतात का हो?" एक म्हणाली, "उचलतात. पण काही लपवलं तर लय ओरडतात." हिचा चेहरा खुलला. "ओरडणारीच बघत होते."

फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर होतं, त्यासाठी वकीलबाईंच्या ओळखीचे हिशेबतपासनीस घेतले. त्यांचीही चौकशी झालीच. स्वातीला झोप लागेना, म्हणून हिनं एक समुपदेशक बाई शोधल्या. मी भडकलो. "पोरगी काय वेडी आहे?"

"तुमच्या गुडघ्याला डॉक्टर लागतो ना? मग?" आणि स्वातीला बजावलं, "वकीलबाईंकडे रडायचं नाही गं, तिथं झालं ते सांगायचं. रडायला या बाई बघितल्यात. ज्याचं काम त्याच्याकडे न्यायचं."

चिनूच्या ताब्याचा दावा कोर्टात गेला आणि शेवटी पाळी माझ्यावर आली. वकीलबाई म्हणाल्या होत्या, जज्जसाहेब चिनूशी एकटीशी बोलतील, तेव्हा तिचे कान कोणी भरलेले नसावेत. "तुमचं काम सगळ्यात अवघड," मुकादमीण म्हणाली. "चिनूसमोर तिच्या बापाबद्दल एक शब्द काढायचा नाही."

"आणि तिनं विचारलं तर?"

"केळं द्या."

माझी जीभ कशी आहे ते सगळ्या आळीला माहीत. माझा सूर जरा वर चढला की स्वयंपाकघरातून हिचं खाकरणं यायचं. एकदा स्वातीच्या सासूचा फोन मी नुकताच आपटला होता. चिनूनं येऊन विचारलं, "आजोबा, बाबा वाईट आहे का?" शिवी ओठावर आली होती. आतून खाकरणं आलं. मी म्हटलं, "केळं खातेस?"

तारखा पडत राहिल्या आणि मुकादमिणीचं हृदय थकलं. हॉस्पिटलात नाकाला नळी, तरी बोलायचं थांबेना. "मी असले नसले तरी पुढची तारीख मागून घेऊ नका." ती गेली तेव्हा तारीख सुतकातच येत होती. नाना म्हणाले, "सुतकात कोणी कोर्टाची पायरी चढतं का?" स्वाती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "जा. तिनं सांगितलंय." तेराव्याला वकीलबाई आल्या. फोटोसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मी एवढ्या उलटतपासण्या घेतल्या, पण माझी घेतली ती यांनीच."

चिनूला साहेबांनी आत बोलावलं त्या दिवशी मी बाहेर बाकावर होतो. दार बंद होतं. मी मनातल्या मनात माझं सगळं बोलणं आठवत होतो. कधी झोपेत तर नाही ना काही बोललो? ती बाहेर आली, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही. पुढे वकीलबाईंनी सांगितलं. साहेबांनी विचारलं, आजोबा बाबांबद्दल काय बोलतात? चिनू म्हणाली, "काही नाही. केळं देतात." साहेब हसले म्हणे.

चिनू आईकडे राहिली. रविवारी बापानं न्यायची, दिवे लागायच्या आत आणून सोडायची, असा हुकूम झाला.

आता रविवारी सकाळी बेल वाजते. हात आधी कडीकडेच जातो. दार उघडलं की तो उभा असतो, आपल्या बुटांकडे बघत. माझ्या तोंडात बरंच काही येतं. कान स्वयंपाकघराकडे लागतात. तिकडून काही येत नाही. मी चिनूची पाण्याची बाटली त्याच्या हातात देतो. म्हणतो, "उन्हात टोपी काढू देऊ नका तिला."

मग दार लावतो, खुर्ची दाराशी ओढतो आणि एक केळं सोलून खात बसतो, संध्याकाळची बेल वाजेपर्यंत.