रबर लावण्याआधी एक चक्कर

देवासच्या आमच्या क्लबात टेबल टेनिसच्या बॅटींना रबर लावून देणारे एक काका आहेत. कुठलं रबर हवं, हे ते कुणाला विचारत नाहीत. "चला भिया, चहा पाजा," म्हणत तुमच्या स्कूटरवर मागे बसतात आणि टेकडीखालच्या टपरीपर्यंत चक्कर मारायला लावतात. निकाल परत आल्यावर लागतो.

मला स्मॅशसाठी सुसाट रबर हवं होतं. धारच्या मेहुण्याला एकदा तरी हरवायचं होतं.

"रिकाम्या रस्त्यावर सात वेळा ब्रेक मारलात," काका म्हणाले. "तुम्ही बचाववाले. संथ रबर घ्या, बॉल नुसता परत करत बसा. समोरचा वैतागून चुकतो."

मला रागच आला. पुढच्या रविवारी त्यांना मुद्दाम मागे बसवलं आणि ब्रेकला हात न लावता स्कूटर भरधाव पळवली. काका उतरले, विस्कटलेले केस सारखे केले आणि रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा उघडला.

"आता पक्कं झालं. ब्रेक नाही मारलात, पण हॉर्नवरचा अंगठा एकदाही उचलला नाहीत. संथच लावतो."

संथ रबरासमोर दोनदा हरल्यापासून मेहुणा येतो, पण बॅट धारलाच विसरून येतो.