शंभराची हद्द

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझ्या दोन्ही भावांचं बोलणं तुटलं आणि आई खचली. एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं असे दोघे. आधी बोलणार कोण? एकाच ओसरीवर जेवायला बसायचे आणि मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायचे. दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावा असं मला वाटायचं. पण दोघांचेही केस पिकलेत, धपाट्याचं वय गेलं.

बोरीजवळच्या आमच्या गावी पाडव्याला घरोघरी तीन पत्तीचा डाव बसतो. घरचीच माणसं आणि सुट्टे पैसे. आमच्या घरात वडिलांपासूनची एक रीत पक्की आहे. शेवटी दोघंच उरले की ज्याला समोरच्याचे पत्ते बघायचे, त्यानं नात्यानं हाक मारून मागायचे. ‘काका, दाखवा.’ ‘वहिनी, दाखव.’ नुसती मान हलवलेली चालत नाही.

मागच्या पाडव्याला आईनं हट्टानं दोघांना डावाला बसवलं. मग मला आत बोलावून हळूच म्हणाली, “तू अन् जावईबापू लवकर पत्ते टाका. मागं ते दोघंच राहू द्या.” तिच्या मनात काय आहे ते मला कळलं: दोघंच उरले की एकाला हाक मारावीच लागणार.

डावाची हद्द घरातल्या मोठ्या बाईनं सांगायची. आईला भांडणाची धास्ती. “एका चालीला दहाच्या वर जायाचं न्हाई,” ती म्हणाली, “अन् मधी शंभर झाले की सगळ्यांनी पत्ते उघडायचे.” दरवर्षी ती हेच सांगते. त्यातलं शंभराचं माझ्या ध्यानात राहिलं नाही, खुद्द तिच्याही नाही.

आम्ही नवराबायकोनं पत्ते टाकून दिले. मग दादा दहा टाकायचा, धाकटा दहा टाकायचा, दोघांची नजर सतरंजीवर. चाल वाढवून समोरच्याला घाबरवावं तर हद्द आडवी, पत्ते टाकावेत तर ताठा आडवा. एकच रस्ता उरला होता, मागायचं.

धाकट्यानं नोट टाकली, पण हात मागं घेतला नाही. त्यानं वर बघितलं, दादाच्या थेट तोंडाकडं. कितीतरी महिन्यांनी. त्याचे ओठ उघडले. आईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. बोल रे मेल्या, मी मनात म्हणत होते, बोल.

“शंभर झाले की!” आमचे हे मधले पैसे मोजून म्हणाले. “उघडा पत्ते.”

इमानदार माणूस. पत्ते टाका एवढंच मी त्यांना सांगितलं होतं; का, ते त्यांना काय माहीत.

दोघांनी गुमान पत्ते उलटे केले. दादाची जोडी मोठी निघाली. त्यानं पैशाला हात लावला नाही, तसाच गोठ्याकडं निघून गेला. धाकटा जरा वेळ बसला आणि तोही उठला. ते अजून बोलत नाहीत.

सतरंजीची घडी घालताना आईचे हात थांबले. “लय भ्याले गं मी,” ती म्हणाली. “हजार म्हणले असते, तर दादा म्हणून हाक मारली असती का त्यानं?”

नसती मारली, असं म्हणायला हवं होतं. तिच्या जिवावरचं ओझं तेवढ्यानं उतरलं असतं. पण त्याचे उघडलेले ओठ मी बघितले होते.

“मारली असती, आई,” मी म्हणाले.